कोंबडीच्या पिल्लांच्या खाली काय घालावं, भाताचं तूस की लाकडाचा भुसा?

तुम्ही विचारलंय की घरच्या खुराड्यात वीस पिल्लं आणायची आहेत, सुताराकडचा भुसा फुकट मिळतोय, तो खाली पसरला तर चालेल का. नका पसरू. तूस आणा, विकत घ्यावं लागलं तरी.

एवढ्यावर थांबले असते, पण तो ‘फुकट’ शब्द वाचला आणि राहवलं नाही.

आमचं गाव आजऱ्याकडं. घनसाळ भाताचा मुलूख, त्यामुळं गिरणीमागं तुसाचा ढीग कायम. गिरिराज जातीची पहिली ५० पिल्लं मी तुसावरच वाढवली, चार गेली. दुसऱ्या खेपेला १०० आणली, तीही जुलैत. तूस आणायला टेम्पो करायचा होता, ६०० रुपये भाडं. धाकटे दीर म्हणाले, “वहिनी, माझ्या मित्राच्या फर्निचरच्या कारखान्यात भुसा पडून आहे. पिल्लांना काय कळतंय तूस नि भुसा?” संध्याकाळी सहा पोती दारात.

पिल्लं यायला आठवडा होता. पोती पडवीत ठेवली आणि पावसाची झड लागली. आदल्या दिवशी मी एका पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. वरचा भुसा पिठासारखा कोरडा, आतला चक्क गरम. मूठ बाहेर काढली तर ढेकूळ आलं, कडेला हिरवट-राखाडी, आणि वास कुबट. मी म्हटलं, हे नको. दीर म्हणाले, बल्बच्या उष्णतेनं वाळेल. घरातले सगळे त्यांच्या बाजूनं बोलले आणि मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचं मला आजही वाईट वाटतं.

चौथ्या दिवशी पिल्लं मान वर करून, चोच उघडी टाकून श्वास घ्यायला लागली. सर्दी असली की घरघर ऐकू येते, इथं आवाजच नाही. सहाव्या दिवसापर्यंत ३१ गेली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मेलेलं एक पिल्लू आमच्यासमोर फाडलं. फुप्फुसावर मोहरीएवढे पिवळट पांढरे दाणे, आणि पोटा, म्हणजे खाल्लेलं जातं ती पिशवी, उघडला तर भरड्याऐवजी भुशाचा गोळा. म्हणाले, ही फुप्फुसात गेलेली बुरशी, या रोगाला ब्रूडर न्यूमोनिया म्हणतात. औषधानं फारसं काही व्हायचं नाही, आधी खालचं सगळं काढा. त्या रात्री पिल्लं पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरून आम्ही भुसा ओढून काढला, जमीन धुऊन वाळवली, चुना मारला आणि शेजाऱ्यांकडचं कोरडं तूस टाकलं. तरी आणखी ११ गेली. एक पिल्लू ३० रुपयांचं. वाचलेल्या ६०० रुपयांशी तुम्हीच ताडून बघा.

दीर अजून म्हणतात, पिल्लंच कमजोर आली होती. त्याच दिवशी, त्याच गाडीतून शेजारच्या वाडीत १०० पिल्लं उतरली होती. ती तुसावर होती. तिथं तीन मेली. याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

आता तुमचं. तूस दोन इंच जाड घाला, आदल्या दिवशी उन्हात वाळवून. पहिले तीन-चार दिवस पिल्लं दिसेल त्याला चोच मारतात, तूससुद्धा खातात, म्हणून वर काहीतरी अंथरून त्यावर मक्याचा भरडा टाका. पण गुळगुळीत वर्तमानपत्र नको. त्यावर पाय घसरतात, दोन्ही बाजूंना फाकतात आणि पुष्कळदा पुढं तसेच राहतात. धुऊन वाळवलेलं, धागे न सुटणारं गोणपाट उत्तम.

रोज तूस खालीवर करा. मूठ दाबून बघायची: गोळा तसाच राहिला तर ओल जास्त, हलकेच मोडला तर ठीक. ड्रिंकरखालचं, म्हणजे पाण्याच्या भांड्याखालचं, भिजलं की तेवढं त्याच दिवशी बदला. ओलीत बुरशी तर येतेच, शिवाय तीन आठवड्यांच्या पुढं रक्ती हगवण लागते तीही ओल्या तुसाच्या गादीतूनच. आणि वास उभ्यानं घेऊ नका. पिल्लाच्या उंचीला वाका. तिथं डोळे चुरचुरले तर त्यांना चोवीस तास तेच होतंय.

भुशाबद्दल हेही सांगायला हवं. नुसत्या लाकडाचा, रंध्याचा जाडसर, कोरडा कीस असेल तर तो चांगला असतो, पुष्कळ लोक वापरतात. माझा राग बारीक पिठासारख्या भुशावर आणि प्लायवूडच्या भुशावर आहे, त्यात डिंक-रसायनं असतात. तूसही गिरणीमागं पावसात भिजलेलं असेल तर तितकंच वाईट. शेंगांची टरफलं कुणी सुचवली तर पावसाळ्यात नकोच, बुरशी लवकर धरतात. आणि मी शंभर-दीडशे पक्षीच पाळते, हजारांच्या शेडचं गणित वेगळं असतं.

घरात कुणी म्हणालं की पिल्लांना काय कळतंय, तर पोतं त्यांच्यासमोर उघडा आणि हात त्यांनाच घालायला सांगा, कोपरापर्यंत. आत गरम लागलं तर पोतं तिथूनच परत पाठवा. मी त्या वेळी एवढंच करायला हवं होतं.