माटोळी बांधताना जावेनं विचारलं, तेव्हापासून

"मॅडम, परत ऑपरेशन करू की नको, एवढंच सांगा." फोंड्याला माझ्याकडे समुपदेशनासाठी आली तेव्हा खुर्चीत नीट टेकायच्या आधीच तिने हे विचारलं. (ओळख पटेल असं सगळं बदललंय, तिला विचारूनच लिहितेय.)

वय चाळिशीच्या आत, बँकेत नोकरी, दोन मुलं. नऊ वर्षांपूर्वी मुंबईला जाऊन ब्रेस्ट इम्प्लांट (स्तन मोठे दिसावेत म्हणून आत बसवतात ते) केले होते. नवऱ्याला माहीत, घरात बाकी कोणालाच नाही. सुरुवातीची वर्षं मस्त गेली, ती स्वतःच म्हणाली की मला आवडत होतं, मी खोटं का बोलू. मग डावी बाजू हळूहळू कडक व्हायला लागली आणि थोडी वर ओढल्यासारखी दिसायला लागली. गेल्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, दीर उशिरा पोचला म्हणून माटोळी (गणपतीच्या वर फळं-पानं बांधलेली लाकडी चौकट) बांधायला हीच स्टुलावर चढली, हात वर केले, सुपारीचा घोस बांधताना डावीकडे कळ आली आणि खालून नारळ देणारी मोठी जाऊ म्हणाली, "डावीकडे काय झालंय गे तुला?" कपाटाचं दार लागलं म्हणून हिने वेळ मारून नेली. पण ते वाक्य वर्षभर डोक्यात. आता जुलै चालू होता आणि हिला पुढच्या चवथीच्या आत सगळं उरकायचं होतं.

प्लॅनही तयार! एका ठिकाणी व्हिडिओ कॉलवर बोलणं झालेलं, त्यांनी फोटो बघून जुने काढून थोडे मोठे घालू असं सांगितलेलं, ॲडव्हान्स तेवढा भरायचा बाकी. घरी सांगणार ट्रेनिंग आहे म्हणून. रात्रीच्या बसने एकटी जाणार, चार दिवसांनी परत.

मी विचारलं, आल्यावर पाण्याची बादली कोण उचलणार?

तिला आधी कळलंच नाही. मग गप्प झाली. कारण अशा ऑपरेशननंतर काही आठवडे जड उचलायचं नाही, हात वर ताणायचे नाहीत, आणि चवथीच्या तोंडावर गोव्यातल्या घरातली सून काहीच उचलत नाही हे लपणार कसं?

मी डॉक्टर नाही, करा किंवा नका करू हे मी सांगत नाही. पण माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणी हाच प्रश्न घेऊन येतात आणि निम्म्या वेळा खाली दुसरंच काहीतरी असतं. हिच्या बाबतीत ते होतं, "हौसेने केलं ना, मग आता तक्रार कोणत्या तोंडाने करू." त्यामुळे नऊ वर्षांत एकदाही तपासणी नाही! माझं म्हणणं एवढंच होतं की लाज वाटते म्हणून घाईघाईत कापून घेऊ नकोस, आधी आत काय झालंय ते बघ.

थोडं समजून घेऊया. इम्प्लांट जन्मभर टिकतील असं धरून चालायचं नसतं. शरीर त्यांच्याभोवती स्वतःचं एक आवरण तयार करतं, त्याला कॅप्सूल म्हणतात, ते सगळ्यांनाच होतं. काहींमध्ये ते आवळत जातं, यालाच कॅप्सुलर कॉन्ट्रॅक्चर म्हणतात, डॉक्टर त्याला १ ते ४ बेकर ग्रेड देतात, ३ म्हणजे कडक आणि आकार बदललेला, ४ म्हणजे त्यात दुखणंही आलं. दुसरी गोष्ट, सिलिकॉनचा इम्प्लांट आतल्या आत फुटला तरी कळेलच असं नाही. म्हणून अमेरिकेच्या एफडीएचा (औषधं आणि अशा उपकरणांवर लक्ष ठेवणारी तिथली सरकारी संस्था) सल्ला आहे की काही त्रास नसला तरी ५-६ वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय करा, मग दर २-३ वर्षांनी. हिला हे कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि हिने ऐकलं नसेल, तीच म्हणाली.

आणि कॅन्सर? ते तिने दाराशी उठून जाताना विचारलं, खरी भीती नेहमी दाराशीच बाहेर येते. खरबरीत पृष्ठभागाच्या म्हणजे टेक्स्चर्ड इम्प्लांटशी जोडलेला लिम्फोमाचा (रोगप्रतिकारक पेशींच्या कॅन्सरचा) एक प्रकार आहे, दुर्मीळ आहे, बहुतेक वेळा काही वर्षांनी अचानक सूज येते, आत पाणी साठतं, म्हणून २०१९ मध्ये त्यातले काही प्रकार जगभरातून मागे घेतले गेले. पण त्रास नसेल तर नुसत्या भीतीने काढून टाका असं एफडीएसुद्धा म्हणत नाही. तुझे कोणते आहेत ते इम्प्लांट कार्डवर असतं, ते शोध. कार्ड सापडलं, मुलांच्या लसीकरणाच्या फायलीत! स्मूथ, म्हणजे गुळगुळीत निघाले.

मग सोनोग्राफी, एमआरआय. फुटलेलं नव्हतं, डावीकडे ग्रेड ३. म्हणजे घाई नव्हती. ॲडव्हान्स भरला नाही.

त्यानंतर ती दोन प्लास्टिक सर्जनना समोरासमोर भेटली, एमसीएच ही प्लास्टिक सर्जरीतली डिग्री बघून. प्रश्न आम्ही वहीत लिहिले होते. काहीच नाही केलं तर काय? नुसते काढले तर कसं दिसेल, लिफ्ट (ओघळलेले स्तन वर घेण्याचं ऑपरेशन) लागेल का? नवीन घातले तर परत कडक होणार नाहीत कशावरून? (तशी हमी कोणी दिली नाही, आणि देणाऱ्यापासून मी तरी लांब राहीन.) दुसऱ्यांदा करताना टिश्यू पातळ झालेला असतो, पहिल्यासारखा रिझल्ट धरून चालू नका, हेही दोघांनी सांगितलं. मोठे घाला असं दोघांपैकी कोणीच म्हणालं नाही. आणि खर्च, मेडिक्लेममध्ये कॉस्मेटिक सर्जरी सहसा बसत नाही, तेव्हा तो खिशातूनच.

नवरा एकदा आला होता. भला माणूस, पण "तुला हवं ते कर" एवढंच म्हणायचा, आणि तिला ते "तुझं तू बघ" असं ऐकू यायचं. त्यावरच आमचे दोन तास गेले, इम्प्लांट राहिले बाजूला.

चवथ आली. माटोळी या वेळी दिराने बांधली. अनंत चतुर्दशीनंतर तिने जावेला परसात नेऊन सगळं सांगितलं. जाऊ म्हणाली, "कपाटाचं दार मला तेव्हाच पटलं नव्हतं," आणि मग विचारलं, दुखतं का.

डिसेंबरात तिने दोन्ही काढून घेतले, नवीन घातले नाहीत. तिच्याजागी दुसरी असती तर कदाचित बदलून घेतले असते, तेही चुकलं नसतं. आरशात बघून पहिले दोन महिने रडली, हे ती लपवत नाही, लिफ्टचं अजून ठरलेलं नाही. बादल्या दीड महिना जावेने उचलल्या.