काडतुसांच्या डब्यावर काय लिहायचं? वाचकांचे प्रश्न

पाऊस तोंडावर आला की शेतीसंरक्षणाचा परवाना असलेल्यांची पत्रं सुरू होतात, आणि गोंधळ दरवर्षी तोच.

डब्यावर नुसतं ‘काडतुसं’ लिहिलं तर चालेल?

नाही. बोअर (नळीच्या आतल्या रुंदीचं माप; आकडा मोठा तशी नळी बारीक), काडतुसाची लांबी, छऱ्याचा नंबर (छऱ्याच्या जाडीचा आकडा), खरेदीची तारीख. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या ‘शक्तिमान’ काडतुसांचं मूळ खोकं असेल तर ते फेकू नका, काडतुसं त्यातच राहू द्या.

मी झाकणावर चिठ्ठी चिकटवतो.

झाकणं अदलाबदल होतात. डब्याच्या अंगावर ऑइल पेंटने लिहा. कोकणातल्या श्रावणात चिकटपट्टी टिकत नाही.

‘.३२’ एवढं पुरे ना?

नाही. रिव्हॉल्व्हरचं .३२ वेगळं, पिस्तुलाचं वेगळं. परवान्यावरची नोंद बघा, शंका असेल तर विक्रेत्याला विचारा.

वडिलांची २० बोअर, माझी १२ बोअर. काडतुसं एकाच डब्यात आहेत, मध्ये पुठ्ठा घातलाय. मित्र म्हणतो, रंगावरून कळतंच.

मित्राला सोडा, आधी दुसरा डबा आणा. आजच. २० बोअरचं काडतूस १२ बोअरमध्ये गेलं तर ते चेंबरपुढे (म्हणजे काडतूस बसायच्या जागेपुढे) सरकून नळीत अडकतं. चाप ओढला तरी बार होत नाही. माणूस बंदूक उघडतो, चेंबर रिकामं दिसतं, ‘भरायचं राहिलं वाटतं’ म्हणत १२ बोअरचं घालतो. या वेळी बार होतो आणि नळी फुटते, जिथे डावा हात धरलेला असतो नेमकी तिथेच. याच भीतीने २० बोअरला पिवळा रंग देण्याची पद्धत पडली. पण घरातल्या जुन्या साठ्यात त्या रंगाचा भरवसा धरू नका. आणि रात्री डुकरं शेतात शिरल्यावर बॅटरीच्या उजेडात रंग पाहणार कोण? बुडावरचा शिक्का वाचायचा. डबे दोन, कुलपं दोन, आणि खिशात एका वेळी एकाच बोअरची काडतुसं. (डुक्कर मारण्याआधी वनखात्याची परवानगी लागते, तेही विसरू नका.)

आजोबांच्या बंदुकीत ७० मिमीचं काडतूस नीट बसतं. मग चालेल ना?

बसतं म्हणजे चालतं, हे कोणी शिकवलं? छापलेली लांबी उडालेल्या काडतुसाची असते. न उडालेल्याचं तोंड दुमडलेलं, म्हणून ते आखूड असतं, त्यामुळे ६५ मिमीच्या चेंबरमध्येही बसतं. उडताना तोंड उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. जाणत्या आर्मररकडून (बंदुका तपासणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून) चेंबर मोजून घ्या आणि तो आकडा डब्यावर घाला. तोवर ती बंदूक वापरू नका.

दुकानदार ‘मिलिटरी’ डबा घ्या म्हणतो.

हिरव्या रंगाचे पैसे कशाला? रबरी गॅस्केटचा साधा डबा आणि ओल शोषणारं सिलिका जेल पुरे. कुलूप मात्र चांगलं घ्या.

गेल्या पावसात भिजलेली काडतुसं उन्हात वाळवू का?

वर्षभर थांबलात हेच चुकलं. वाळवू नका, उडवून बघू नका, विहिरीत टाकू नका. ‘वापरू नये’ लिहून वेगळी कुलूपबंद ठेवा आणि परवानाधारक विक्रेत्याला किंवा पोलीस ठाण्यात विचारा. ती ताब्यात दिली की लेखी पोच घ्या. पोच हातात आल्याशिवाय काडतुसांच्या हिशेबाच्या वहीतला आकडा कमी करू नका.