गुंठ्याचा भाव कोण ठरवतं?

गणपती आटोपून चाकरमानी परत गेले की या सदराकडे जमिनीचे प्रश्न येऊ लागतात. भावकीशी बोलणं झालेलं असतं, कुणीतरी एक आकडा कानावर घातलेला असतो आणि तो डोक्यातून जात नाही. यंदाच्या पत्रांतली पाच इथे घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त होतोय. अलिबागजवळ किहीम-आवास भागात छोटा बंगला बघतोय. एजंट म्हणतो, नवी मुंबईचा विमानतळ आला, रेवसचा पूल होतोय, आज घ्या, दोन वर्षांत दुप्पट होतील. खरं मानायचं का? (डोंबिवली)

एजंटाला पूल माहीत आहे, तसा विकणाऱ्यालाही माहीत आहे. त्याने तो भावात धरलेलाच असतो. मांडवा ते किहीम पट्टा खरा हलला तो मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्यांसकट नेणारी रो-रो बोट सुरू झाली आणि पाठोपाठ करोनात घरून काम करायची सोय झाली तेव्हा. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, पण तो उरणजवळ चिर्ल्याला उतरवतो. पुढचं पेण-वडखळ तुमच्या नशिबी आहेच, आणि शनिवारी सकाळी वडखळला काय होतं ते वेगळं सांगायला नको. रेवस-करंजा पुलाचं म्हणाल तर माजी मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून आम्ही तो ऐकतो आहोत. आता काम हाती घेतलंय, चांगलंच आहे; पण उद्घाटनाच्या तारखेवर आज पैसे मोजू नका.

या पट्ट्याची एक खोड लक्षात ठेवा. इथले बंगलेवाले पैशाने अडलेले नसतात. त्यामुळे बाजार थंडावला तरी भाव उतरत नाही, व्यवहार थांबतात. बंगला त्याच भावाने विकायला पडून राहतो. म्हणून भाव विचारण्याआधी तो किती दिवस विक्रीला आहे ते गावात विचारा. दोन पावसाळे गेले असतील तर घासाघीस करायला भरपूर जागा आहे.

दुसरं, घर जुलैत बघा. तेव्हा गेटवे-मांडवा लाँच बंद असतात, दर्या खवळला की रो-रोच्या फेऱ्याही रद्द होतात. कुठली भिंत ओल धरते, वीज किती वेळ जाते, हे डिसेंबरातल्या बाजेवर बसून कळत नाही.

प्रश्न : नागावात आमची नारळ-सुपारीची वाडी आहे, समुद्राला लागून. रस्त्यापलीकडची वाडी २२ लाख रुपये गुंठ्याने गेली म्हणतात. आम्हाला १२च्या वर कुणी बोलत नाही. समुद्र तर आमच्याकडे आहे! (नागाव)

तुमचं दुखणं त्या समुद्रातच आहे.

आधी २२चा आकडा तपासा. ‘म्हणतात’ हा पुरावा नव्हे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर गाव आणि गट नंबर टाकून सूची क्रमांक दोन फुकट बघता येते. दस्तात किती रक्कम लिहिली ते त्यात असतं. रोखीचे व्यवहार त्यात उतरत नाहीत हे खरं, तरी नाक्यावरच्या आकड्यापेक्षा तो बरा. रेडी रेकनरचा, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेला, दर मात्र बाजारभाव समजू नका. २०२३ आणि २०२४ मध्ये सरकारने ते दर वाढवलेच नव्हते, म्हणून बाजार काही थांबून राहिला नाही.

आता वाडीचं. गिऱ्हाईक वाडी नाही, बंगल्याची जागा विकत घेतं. भरतीरेषेपासून किती अंतरात बांधकाम चालत नाही, हे सीआरझेडमध्ये, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या केंद्रीय नियमांत, तुमचं गाव कुठल्या वर्गात पडतं त्यावर आहे. ग्रामीण किनाऱ्याला २०११च्या अधिसूचनेत ही मर्यादा २०० मीटर होती. २०१९च्या अधिसूचनेने, जिथे चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त वस्ती आहे अशा गावांना ती ५० मीटरवर आणली, बाकीच्यांना २०० कायम. तुमच्या गटावरून ती रेषा कुठून जाते, हे मंजूर नकाशावर बघून घ्या. आत असलेलं जुनं घर दुरुस्त करता येतं, नवा बंगला होत नाही. घरपट्टीच्या जुन्या पावत्या असतील तर जपा, भावाला तेवढाच आधार.

तिसरी गोष्ट रस्ता. आमच्याकडच्या वाड्या उभ्या आणि अरुंद. एका वाडीची मोजणी बघायला गेलो होतो. मालक म्हणाले, ‘रस्ता आहे की, आजोबांपासून याच वाटेने जातोय.’ मोजणीदाराने साखळी टाकली तर वाट शेजाऱ्याच्या गटात, दोन गडग्यांच्या मधून, जेमतेम बैलगाडीपुरती. चिऱ्यांचा ट्रक आत जाणार कसा? गिऱ्हाईकाने तिथल्या तिथे भाव निम्म्यावर आणला. तहसीलदार जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली शेतात जायला बांधावरून वाट देतात, बंगल्याला लागतो तो रस्ता त्याने मिळत नाही. शेजाऱ्याकडून रस्त्याचा हक्क नोंदणीकृत दस्ताने लिहून घ्या, त्याला चार पैसे जास्त गेले तरी चालतील, आणि मग गिऱ्हाईक बोलवा.

प्रश्न : सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत. काका म्हणतात, आपला हिस्सा आपण विकून मोकळे होऊ, आत्यांना विचारायची गरज नाही. (दिवेआगर)

गरज आहे. आत्यांचा हक्क कायद्याने आहे. हिंदू वारसा कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीने मुलीला मुलाच्या बरोबरीने सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासून वाटेकरी, केलं आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये त्यावरचा घोळ निस्तरला. नाव सातबाऱ्यावर नाही म्हणून हक्क जात नाही.

अविभाजित हिस्सा विकता येतो. पण घेतो कोण? ज्याला पुढे वाटपाचा दावा लढायची तयारी आहे तोच, आणि तो त्या त्रासाची किंमत तुमच्या भावातून कापतो. राहत्या घरात तर बाहेरच्या खरेदीदाराला तुमच्याबरोबर एकत्र ताबाही मागता येत नाही. निसर्ग वादळात, जून २०२०ला, तुमच्याकडच्या सुपाऱ्या आडव्या झाल्या, तेव्हापासून बरीच कुटुंबं विकायच्या विचारात आहेत. अडलंय ते बहुतेक ठिकाणी गिऱ्हाईकावाचून नाही, सह्यांवाचून. आधी आत्यांकडे जा. काकांना नको, तुम्ही जा.

आणि फेरफार, म्हणजे जमीन कुणाकडून कशी आली त्याच्या नोंदी, काढून बघा. जमीन कुळकायद्याने मिळालेली असेल तर कलम ४३ची अट असते. कुळाच्या खरेदीला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, चाळीस पट नजराणा सरकारात भरून विकता येते. आकार रुपयांत असतो, त्यामुळे रक्कम किरकोळ. ती न भरल्याने मोडलेले सौदे मात्र किरकोळ नसतात.

प्रश्न : दापोलीजवळ ‘सी व्ह्यू’ प्रकल्पात ठरावीक भाड्याची हमी देताहेत. घ्यावं का? (पुणे)

महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचा, नंबर आधी. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन आणि आठपेक्षा जास्त घरं, दोन्ही असली की नोंदणी सक्तीची. नंबर नसेल तर पुढे बोलायचंच नाही. भाड्याची हमी बहुधा तुम्ही वाढीव भावात आधीच भरलेली असते, तीच हप्त्याने परत येते. खाऱ्या वाऱ्याने ग्रिल आणि एसी दोन-तीन वर्षांत धरतात, तो खर्च हमीत कुणी लिहीत नाही. प्रकल्पाऐवजी नुसता शेतीचा तुकडा देत असतील तर शेतकरी असल्याचा पुरावा लागेल, तो आहे का?

प्रश्न : चौलची वडिलोपार्जित वाडी आणि घर विकलं तर कर किती? (मुंबई)

वाडी आणि घर वेगळं धरा. नगरपालिकेच्या हद्दीबाहेरची, खरोखर पिकणारी शेतजमीन आयकराच्या भाषेत भांडवली मालमत्ता नाही, तिच्या नफ्यावर हा कर लागत नाही. अलिबागएवढ्या गावाला हद्दीपासूनचं अंतर दोन किलोमीटर धरतात, तेही सरळ रेषेत. चौल त्याच्या कितीतरी बाहेर आहे. पण बिनशेती करून विकलीत तर ही सवलत गेली.

घराला कर आहे. जुलै २०२४ पासून साडेबारा टक्के. त्याआधीचं घर असल्याने महागाई निर्देशांक धरून वीस टक्क्यांचा पर्यायही तुम्हाला आहे. दोन्ही हिशोब करून कमी तो भरा. १ एप्रिल २००१ची किंमत खरेदीची किंमत म्हणून धरता येते, त्यासाठी मूल्यांकनाचा दाखला घ्या. दस्तात रेडी रेकनरच्या खूप खालचा आकडा लिहायचा मोह टाळा. फरक दहा टक्क्यांपुढे गेला तर सरकार आपलाच आकडा धरतं. विसार म्हणून वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेऊ नका. घेतलीत तर तेवढाच दंड बसू शकतो.