एस्टेरिस्क या टेलिफोन एक्स्चेंजच्या सॉफ्टवेअरवर ब्राउझरमधून कॉल लावला की रिंग वाजते, पण आवाज येत नाही. काय करू?

रिंग वाजतेय म्हणजे सिग्नलिंग, म्हणजे कॉल जोडणारे निरोप, ठीक आहे. आवाजाची वाट वेगळी असते आणि ती तुमच्या राऊटरवर अडलीय. ऑफिसात कॉल नीट होतो, बाहेरून दोन्हीकडे शांतता, आणि तुमचे नेटवर्कवाले म्हणतात, ‘कॉल जोडायचा ८०८९ पोर्ट उघडलाय, आणखी पोर्ट कशाला?’ हे वाचलं आणि लिहायलाच बसलो.

एका पतसंस्थेच्या शाखांना मी एस्टेरिस्क बसवून देत होतो. डेस्कफोन नकोत, काउंटरवरच्या क्रोममधूनच बोलायचं. पीजेसिप या एस्टेरिस्कच्या कॉल जोडणाऱ्या भागात प्रत्येक फोनच्या नोंदीला (एंडपॉइंटला) ‘वेबआरटीसी=यस’ (वेबआरटीसी म्हणजे ब्राउझरमधून बोलायचं तंत्र), ८०८९ वर डब्ल्यूएसएस म्हणजे ब्राउझरशी सुरक्षित जोडणी, लेट्स एन्क्रिप्टचं मोफत सर्टिफिकेट, सगळं जागच्या जागी. मुख्य कार्यालयात झकास चाललं. शाखेतून मात्र रिंग वाजायची, उचलला की फोन मुका. फायरवॉल सांभाळणाऱ्या कंत्राटदाराचं एकच पालुपद: “फुकटातलं सॉफ्टवेअर आहे, असंच चालणार. आमचा बॉक्स घ्या.” संचालकही डळमळू लागले.

मग मी सर्व्हरवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं साधन) लावलं, व्यवस्थापकांना शेजारी बसवलं आणि शाखेतल्या मॅडमना कॉल करायला सांगितलं. आमच्या सर्व्हरच्या स्टन विनंत्या, म्हणजे आवाजाची वाट चाचपणारी छोटी पॅकेट, ओळीनं बाहेर जाताना दिसत होत्या, शाखेकडून आत एकही पॅकेट नाही. व्यवस्थापकांनीच विचारलं, “म्हणजे अडतंय ते फायरवॉलवर?” आवाज ज्यांतून जातो ते यूडीपी पोर्ट, १०००० ते २००००, त्याच दुपारी उघडले आणि मॅडमचा “हॅलो, येतंय का ऐकू?” खणखणीत आला. तो बॉक्स काही घेतला गेला नाही.

तुम्हीही हेच करा. नेटवर्कवाल्यांशी तोंडी वाद घालू नका, पॅकेट दाखवा. ‘पोर्ट उघडले की असुरक्षित’ म्हणाले तर सांगा, वेबआरटीसीत आवाज एन्क्रिप्ट करणं सक्तीचंच आहे, आणि पोर्टची रेंज आरटीपी.कॉन्फ या एस्टेरिस्कच्या सेटिंग फाइलमध्ये लहान करता येते. त्याच फाइलमध्ये स्टन सर्व्हरचा (आपला बाहेरचा आयपी सांगणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता द्या किंवा ‘आइस होस्ट कँडिडेट्स’खाली आतला आयपी आणि बाहेरचा आयपी यांची जोडी लिहा. नाहीतर सर्व्हर बाहेरच्या ब्राउझरला १९२.१६८ चा, फक्त आतच चालणारा पत्ता देत बसेल. चॅनसिप (पीजेसिपच्या आधीचा एस्टेरिस्कचा भाग) वापरणारे जुने लेख बाजूला ठेवा. एस्टेरिस्क २१ मधून चॅनसिप काढूनच टाकलंय.

व्हिडिओचं थोडक्यात: एस्टेरिस्क आवाजाचा कोडेक (आवाज-चित्र दाबून पाठवायची पद्धत) बदलून देतो, व्हिडिओचा नाही. दोन्ही टोकांना एकच हवा. ब्राउझर ते ब्राउझर असेल तर व्हीपी८ हा व्हिडिओ कोडेक चालू करा.

एक राहिलं. तुमच्या ब्रॉडबँडवाल्यानं पब्लिक आयपी (इंटरनेटवरून थेट पोचता येणारा पत्ता) दिलाच नसेल, तर राऊटरवर कितीही पोर्ट उघडा, उपयोग नाही. स्टॅटिक आयपी मागा किंवा सर्व्हर भाड्याच्या व्हीपीएसवर (इंटरनेटवरच्या आभासी सर्व्हरवर) हलवा. आणि समोरच्याच्या ऑफिसात यूडीपी सरसकट बंद असेल, तर बाहेर कोटर्न हे सॉफ्टवेअर उभं करून ४४३ पोर्टवर टीएलएसनं (एन्क्रिप्टेड जोडणीनं) टर्न, म्हणजे आवाज मधल्या सर्व्हरमार्फत पोचवायची सोय, द्यावी लागेल.