ट्रान्स महिलांच्या एचआयव्ही प्रतिबंधाशी आजूबाजूच्या परिस्थितीचा काय संबंध?

थेट संबंध आहे. कंडोम वापरायचा हे बहुतेकींना माहीत असतं, अडतं ते पुढे. घरमालक कधी बाहेर काढेल याचा नेम नसला की एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्यांचा नेम कसा राहणार? झडतीत कंडोम सापडल्यावर पोलीस हटकतात, मग पर्समधून कंडोमच जातात. ओपीडीत सगळ्यांसमोर जुन्या नावाने हाक मारली की पुढची तपासणी टळलीच. हे बदलायलाच हवं.

मुंबईतल्या हिजडा घराण्यांत गुरूचा शब्द चालतो. गुरूने स्वतः तपासणी करून घेतली की चेल्यांची भीती कमी होते. म्हणून आधी गुरूंशी बोला, समाजातलीच पीअर एज्युकेटर, म्हणजे आपल्यातल्याच बायकांना माहिती देणारी कार्यकर्ती, सोबत घ्या.

कंडोमला खोबरेल तेल लावू नका, लेटेक्स फाटतं. पाण्यावर आधारित ल्युब्रिकंट वापरा. तरी फाटलाच तर ७२ तासांच्या आत पीईपी, म्हणजे संबंधानंतर घ्यायची एचआयव्ही टाळणारी औषधं, सुरू करा, जितकी लवकर तितकी बरी. कोर्स २८ दिवसांचा. इस्ट्रोजेन हे स्त्री हार्मोन चालू असेल तर प्रेपची, म्हणजे एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायची गोळी रोजच घ्यायची, संबंधापुरती घेण्याची पद्धत तुमच्यासाठी नाही. प्रेपमुळे हार्मोनचा असर कमी होत नाही, ही भीती मनातून काढा. सरकारी आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, तपासणी मोफत होते. जवळचं केंद्र १०९७ या हेल्पलाइनवर विचारा.