तारण: बँकेतलं आणि प्रार्थनेतलं

बडोद्याहून एका वाचकाचा प्रश्न आला आहे. ते सहकारी बँकेच्या कर्ज विभागात काम करतात. त्यांच्या शेजारच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातल्या आजी नुकत्याच गेल्या. शोकपत्रात ‘तारणाच्या पूर्ण खात्रीत प्रभूमध्ये झोपी गेल्या’ असं वाक्य होतं. ते विचारतात, ‘तारण म्हणजे गहाण ना? मग इथे मोक्ष किंवा मुक्ती का लिहिलं नाही? आणि शोकसभेत मला चार शब्द बोलायचे आहेत. “श्रद्धेच्या बळावर आजींनी पाप आणि संकटांवर मात केली” असं म्हटलं तर चालेल का?’

आधी तारण. संस्कृत ‘तॄ’ म्हणजे पार होणं, ओलांडणं. त्यातून आपल्याकडे तरणे, तरून जाणे, तारू, नदी ओलांडून देणारी तर, तीर्थ, अवतार, उतारू असा मोठा गोतावळा आला. तरणे स्वतः करायचं, तारणे दुसऱ्यानं करायचं, जसं मरणे आणि मारणे. ‘देव तारी त्याला कोण मारी’ या म्हणीत दोन्ही क्रियापदं समोरासमोर उभी आहेत. तेव्हा तारण म्हणजे मुळात कुणीतरी दुसऱ्याला पार नेणं. बँकेचा अर्थ त्यातूनच निघतो. तुमच्या खात्याची भाषा पाण्याचीच आहे हो! कर्ज बुडतं, खातं बुडीत निघतं. अशा वेळी सावकाराचा पैसा ज्या वस्तूमुळे तरतो, ती वस्तू म्हणजे तारण. गहाण हा शब्द कर्जदाराच्या बाजूनं बोलतो, तारण सावकाराच्या बाजूनं.

आणि बडोद्यात तर या शब्दाला तिसरं घर आहे. ‘सर्वेचं तारण काय निघालं?’ असं तिथला मराठी माणूस सहज विचारतो, कारण गुजरातीत तारण म्हणजे निष्कर्षही. त्याच गुजरातीत येशूला ‘तारणहार’ म्हणतात. म्हणजे तो शोकपत्रातला शब्द गुजराती शेजाऱ्यांना तुमच्यापेक्षा कमी खटकला असणार.

मराठी बायबलात, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या (म्हणजे येशूच्या चरित्राच्या) पहिल्याच अध्यायात देवदूत येशूच्या आईशी वाग्दत्त असलेल्या योसेफाला सांगतो, मुलाचं नाव येशू ठेव, कारण तो आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील. हे ‘कारण’ मराठीत वाचताना अधांतरी वाटतं. हिब्रूत येशू या नावाचाच अर्थ ‘यहोवा तारतो’ असा आहे, हे कळलं की वाक्य जागेवर बसतं. ‘पापांपासून’ हा शब्दही पाहा. मोक्ष जन्ममरणाच्या फेऱ्यातून असतो. ख्रिस्ती विचारात फेरा नाहीच. माणसानं एकदाच मरायचं आणि मग न्याय, असं इब्री लोकांस पत्रात स्वच्छ म्हटलं आहे. शिवाय मोक्ष म्हटलं की ज्ञान, साधना, वैराग्य अशी मिळवण्याची वाट डोळ्यांपुढे येते. तारणात मिळवणारा तुम्ही नसताच. म्हणून ‘आजींना मोक्ष मिळो’ हे प्रेमानं म्हटलं तरी त्या घरात परकं वाटेल.

मुक्तीची गोष्ट जरा वेगळी. तो शब्द ख्रिस्ती मराठीत वर्ज्य नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या संस्थेला ‘मुक्ती’ हेच नाव दिलं, आणि त्यामागे यशयाच्या ग्रंथातलं, आपल्या भिंतींना तारण म्हणशील, हे वचन होतं. रमाबाई काही शब्द सैलपणे वापरणाऱ्या बाई नव्हत्या. त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. मार्काच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो की आपण पुष्कळांच्या मुक्तीसाठी प्राण खंडणी म्हणून द्यायला आलो आहोत. तिथली खंडणी आज गुन्हेवृत्तात सापडते. गायकवाडांच्या फौजा काठेवाडात मुलूखगिरीला जाऊन वसूल करत ती खंडणी वेगळी, आणि बायबलातली, बंदिवानाला सोडवण्यासाठी भरायची, तीही वेगळी. शब्दांचं नशीब, दुसरं काय.

देण्याघेण्याचा विषय निघालाच आहे, तर तुमच्या बँकेला लागून असलेला एक धागा दाखवतो. येशूनं शिष्यांना शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत मत्तयाचा पाठ ‘आमची ऋणे आम्हांस सोड’ असा आहे. त्याच ठिकाणी लूकच्या शुभवर्तमानात ‘पापांची क्षमा कर’ आहे. येशूच्या बोलीत, अरामीत, कर्ज आणि पाप यांना एकच शब्द चालायचा, म्हणून हे दोन पाठ. पण बँकेत तारण कर्जदार ठेवतो, आणि इथे कर्जदाराकडे ठेवायला काहीच नाही, हेच तर ख्रिस्ती श्रद्धेचं म्हणणं आहे. देणं दुसऱ्यानं भरलं. ‘तारणाची खात्री’ म्हणतात ती याची. आजींच्या पुण्याईचा हिशोब त्यात नाही.

आता पाप आणि संकट एका दमात घ्यावं का? मला वाटतं, घ्यावं. मुळात ते एकत्रच आहेत. शिमोन नावाच्या परुश्याच्या, म्हणजे धर्मशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुद्याच्या घरी एक पापी म्हणवली गेलेली बाई येशूच्या पायांशी रडते. दुसरी बारा वर्षं रक्तस्रावानं बेजार, वैद्यांपायी सारं घालवून बसलेली, गर्दीत त्याच्या वस्त्राला हात लावते. दोघींना तो जे सांगतो ते ग्रीकमध्ये अक्षरशः एकच वाक्य आहे, ‘सोझो’ या क्रियापदाचं. मराठीत मात्र एकीला विश्वासानं ‘तारलं’, दुसरीला ‘बरं केलं’. अनुवादकांना दोष देत नाही. रक्तस्राव थांबलेल्या बाईला ‘तुझं तारण झालं’ म्हटलं असतं तर कुणाला काय कळलं असतं? पण मूळ शब्द पापातून आणि दुखण्यातून एकदमच सोडवतो, ते मराठीत दोन खोल्यांत विभागलं गेलं.

तुमच्या वाक्यात मला तीन ठिकाणी हात लावावासा वाटतो. श्रद्धा चूक नाही, पण मराठी ख्रिस्ती माणूस ‘विश्वास’ म्हणतो. ‘विश्वासणारे’ असं त्यांचं खास रूपही आहे. ‘मात’ बुद्धिबळाच्या पटावरून आली. आजाराला, गरिबीला शोभते. मात्र त्यात समोरचा राजा अडकून डाव संपतो, आणि ख्रिस्ती बोलण्यात संकट संपेलच असं नसतं. ‘जगात तुम्हांला क्लेश होतील, तरी धीर धरा, मी जगाला जिंकले आहे’ असं योहानाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो: क्लेश भविष्यकाळात, जिंकणं होऊन गेलेलं. येशूचा प्रेषित पौल यानं शरीरातला काटा निघावा म्हणून प्रभूला तीनदा विनवलं. काटा निघाला नाही. कृपा पुरेशी आहे, एवढं उत्तर मिळालं. तेव्हा संकटांच्या संदर्भात ‘तरून गेल्या’ किंवा ‘धीर सोडला नाही’ जास्त खरं.

तिसरी गोष्ट नाजूक आहे. ‘पापावर मात केली’ म्हटलंत की सभेतली निम्मी माणसं मनात विचारतील, आजींनी असं काय केलं होतं? आपल्या रोजच्या मराठीत पाप म्हणजे अमुक एक कृत्य, ज्याचा घडा भरतो. चर्चमध्ये ‘सर्वांनी पाप केले आहे’ हे रोमकरांस पत्रातलं वाक्य सगळ्यांना एका रांगेत बसवतं, त्यामुळे स्वतःला पापी म्हणण्यात तिथे बदनामी नाही. आपल्या संतांनाही स्वतःला पतित म्हणवून घेताना लाज वाटली नाही. तरी ते स्वतःबद्दल म्हणायचं असतं, शेजारच्या आजींबद्दल माईकवरून नव्हे!

मी असं सुचवेन: ‘आजींचा प्रभूवर विश्वास होता. आयुष्यात पुष्कळ सोसलं, पण त्या विश्वासानं त्यांना तारलं.’ यात पापही आलं, संकटही आलं, आणि कर्ता आजी नाहीत हेही आलं. सभेला गुजराती मंडळी बरीच असतील तर हेच गुजरातीत सांगताना तारण हे नाम एकटं टाकू नका, ‘तारणहार’ वापरा. नाहीतर कुणीतरी निष्कर्षाची वाट पाहत बसेल.