न्यूयॉर्क राज्याने बंदुकीचे कायदे इतके कडक करूनही गोळीबार का थांबत नाहीत, आणि लोक त्या कायद्यांविरुद्ध अंगणात पाट्या का लावतात?

तुम्ही लिहिलंय की मुलगा ऑगस्टमध्ये बफेलोला एमएस करायला निघालाय, राहायला भाड्याचं घर शोधतोय आणि तुम्हाला झोप लागत नाही. मी बफेलोपासून सव्वा तासावर, रॉचेस्टरच्या एका उपनगरात 2001 पासून राहते. उत्तर लांबणार आहे. याच विषयावरून माझं एका शेजाऱ्याशी आणि थोरल्या दिरांशी वाजलंय. शेजाऱ्याशी मिटलं, दिरांशी अजून नाही.

आधी पाट्यांचं. सँडी हूकच्या शाळेत 20 मुलं आणि 6 मोठी माणसं मारली गेली ती 14 डिसेंबर 2012 ला. ते शेजारच्या कनेटिकटमध्ये. त्यानंतर दहाच दिवसांनी, नाताळच्या आदल्या पहाटे, आमच्या जवळच्या वेबस्टर गावात एकाने घराला आग लावली आणि विझवायला धावून आलेल्यांवर दबा धरून गोळ्या झाडल्या. अग्निशमन दलाचे दोन स्वयंसेवक गेले. हा माणूस स्वतःच्या आजीला ठार मारल्याबद्दल तुरुंगात राहून आलेला, त्याला बंदूक विकत घेण्याची बंदीच होती. ओळखीतल्या एका तरुणीने आपल्या नावावर घेऊन त्याला दिली. ही गोष्ट लक्षात ठेवा, नंतर लागेल.

15 जानेवारी 2013 ला राज्याने ‘सेफ ऍक्ट’ आणला. विधेयक आमदारांपुढे आल्यावर तीन दिवस थांबायचा नियम आहे. गव्हर्नर अँड्र्यू कुओमोंनी तातडीचं कारण देऊन तो बाजूला सारला. सिनेटने रात्री मंजूर केलं, असेंब्लीने दुसऱ्या दिवशी, आणि त्याच दिवशी सही. लष्करी धाटणीच्या (ती धाटणी मुठीसारख्या खुणांवरून ठरायची) रायफलींची विक्री बंद, ज्यांच्याकडे आधीपासून आहेत त्यांनी नोंदणी करायची, पिस्तुलाचा परवाना दर पाच वर्षांनी पुन्हा नोंदवायचा. आणि मॅगझिन, म्हणजे बंदुकीला लावायची गोळ्यांची डबी, दहा गोळ्यांचं चालेल, पण त्यात भरायच्या मात्र सातच. घाई इतकी, की त्यातून पोलिसांना सूट द्यायची राहूनच गेली! सात गोळ्यांचं कलम त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी फेडरल न्यायाधीशांनी उडवलं. नोंदणी आणि रायफलबंदी मात्र टिकली.

न्यूयॉर्क म्हटलं की आपल्याला मॅनहॅटन दिसतं. आमच्याकडे मक्याची शेतं, दुधाचे गोठे आणि नोव्हेंबरात हरणांची शिकार. राज्याच्या 62 काउंट्यांपैकी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) 50 हून अधिक काउंट्यांनी या कायद्याविरुद्ध ठराव केले. त्या फेब्रुवारीत आमच्या गल्लीत बर्फात रोवलेल्या पाट्या उगवल्या, ‘सेफ ऍक्ट रद्द करा’. पहिली पाटी आमच्या शेजारच्या म्हातारबांची.

हे म्हातारबा कोडॅकमधून निवृत्त झालेले. आमच्या दारातला बर्फ न सांगता काढून द्यायचे आणि शिकार झाली की हरणाचं मटण पाठवायचे. मी ते मालवणी मसाल्यात करून अर्धं परत पाठवायची, ते घाम पुसत खायचे. माझा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा. शाळा सुटली की त्यांच्या तळघरात रेल्वेचे डबे जुळवत बसायचा. मार्चमध्ये एक दिवस घरी येऊन दूध पिता पिता म्हणाला, “आई, त्यांच्या जिन्याखालच्या कपाटात दोन बंदुका आहेत. मी हात नाही लावला, नुसत्या बघितल्या.”

माझ्या हातातलं पातेलं तिथेच राहिलं.

नवरा म्हणाला, उद्या बघू. मी डब्यात चिवडा भरला आणि तशीच गेले. विचारलं, बंदुका कुलपात असतात का? म्हातारबा आधी लाल झाले, मग गप्प. मग म्हणाले, पन्नास वर्षं घरात बंदूक आहे, माझी तीन मुलं याच घरात वाढली, कुणाला ओरखडा नाही. तूही त्या अल्बनीवाल्यांसारखीच का? (अल्बनी ही राज्याची राजधानी, कायदे तिथे होतात.) चिवडा ठेवून मी परत आले. पुढे महिनाभर बोलणं बंद. एप्रिलच्या सुरुवातीला बर्फ पडला, तेव्हा आमचा रस्ता पहिल्यांदा आम्हीच उपसला. नवऱ्याची कंबर धरली, त्याचंही खापर माझ्यावर.

थोरले दीर टेक्सासात असतात. फोनवर म्हणाले, “अमेरिकेत हे कुणी कुणाला विचारत नाही. माणसाच्या घरात काय आहे ही त्याची खासगी बाब. तू आपल्या गावच्या सवयी इथे आणतेस.”

गावच्या सवयींचं आता ऐकाच. माझं माहेर कुडाळ तालुक्यातलं. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक होती. माकडं आणि डुकरं नारळ, केळी, भात काही ठेवत नाहीत. सिंधुदुर्गात अशी बंदूक असलेली घरं खूप. परवान्याच्या नूतनीकरणाला कचेरीच्या खेपा, आणि आचारसंहिता लागली की बंदूक पोलीस स्टेशनात जमा. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, प्रत्येक वेळी. आजोबा ती गोणपाटात गुंडाळायचे आणि म्हणायचे, “इलेक्शन इला, बाय म्हायेराक चलली.” मग पावती देवाच्या फोटोमागे खोचायचे, आणि बंदूक परत येईपर्यंत माकडांच्या आणि सरकारच्या नावाने एकदमच शिव्या. मतदानाशी माझ्या बंदुकीचा काय संबंध, हा त्यांचा प्रश्न मरेपर्यंत होता. पण त्यांच्या घरी असतानाही ती माळ्यावर कुलपात असायची आणि काडतुसं वेगळ्या पेटीत आजीच्या ताब्यात. आजी किल्ली कमरेला लावून फिरायची. त्यामुळे म्हातारबांचा राग मला कळत नव्हता असं नाही, चांगलाच कळत होता. माझं म्हणणं फक्त कपाटाबद्दल होतं.

मे महिन्यात म्हातारबांनी कुंपणापलीकडून हाक मारली. आत नेऊन दाखवलं, कपाटाला नवं कोरं कुलूप. आणि कुलपाच्या शेजारी, बरोब्बर माझ्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, खिळ्याला टांगलेली किल्ली! मी काही बोलले नाही, नुसती किल्लीकडे बघत राहिले. त्यांनी ती काढून गाडीच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवली. म्हणाले, तू निदान येऊन विचारलंस, अल्बनीने मला विचारलं नाही. मी म्हटलं, विचारलं असतं तर हो म्हणाला असतात? “नाही,” म्हणाले, आणि हसले. पाटी पुढे आणखी तीन वर्षं होती. त्यांच्याकडे नोंदणी लागणारी रायफल होती का, आणि असली तर त्यांनी नोंदवली का, हे मी विचारलं नाही. तेवढं मलाही कळतं.

आता गंमत बघा. इतक्या गाजलेल्या त्या कायद्यात, घरात मूल असेल तर बंदूक कुलपात ठेवा, ही सक्ती नव्हतीच. घरात बंदूक बाळगायला बंदी असलेली व्यक्ती राहत असेल तरच होती. मुलांसाठीची सक्ती राज्यात 2019 मध्ये आली. भांडण कशावरून झालं, तर रायफलीला मूठ कशी असावी यावरून. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, त्या बहुतेक घरातल्याच बंदुकीने. मला विचाराल तर कपाटाचं कलम पहिलं हवं होतं.

गोळीबार का थांबत नाहीत? कायदा माणसांच्या हातून अंमलात येतो म्हणून. वेबस्टरचं वर सांगितलंच. बफेलोत 14 मे 2022 ला जेफरसन अव्हेन्यूवरच्या टॉप्स दुकानात 10 कृष्णवर्णीय माणसं मारली गेली. मारणारा अठरा वर्षांचा, तीन तासांवरून गाडी चालवत आलेला. वर्षभर आधी त्याने शाळेत धमकी दिली होती, मानसिक तपासणीही झाली होती. धोकादायक माणसाकडची बंदूक कोर्टाच्या आदेशाने काढून घेण्याचा ‘रेड फ्लॅग’ कायदा राज्यात तेव्हा होता. तो कुणी वापरलाच नाही. रायफल त्याने दुकानातून रीतसर घेतली आणि मोठं मॅगझिन बसेल असा तिच्यात स्वतःच फेरफार केला. त्यानंतर अशा रायफलीसाठी वय 21 आणि परवाना आला. पुढच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने, पिस्तूल जवळ बाळगायला खास कारण दाखवा, ही शंभराहून अधिक वर्षांची अट रद्द केली. मग राज्याने आठवडाभरात नवा कायदा करून सबवे, शाळा, टाइम्स स्क्वेअर अशा ठिकाणी बंदी घातली. तेही कोर्टात गेलं. हे असंच चालतं.

दीर म्हणतात कायद्यांचा उपयोग शून्य. 2021 मध्ये बंदुकीने मेलेल्यांचं प्रमाण न्यूयॉर्कमध्ये लाखामागे पाचच्या आसपास होतं, त्यांच्या टेक्सासात पंधराच्या. त्याच वर्षी सप्टेंबरपासून तिथे विनापरवाना पिस्तूल बाळगायची मुभा मिळाली. बरं, हा सगळा फरक कायद्याचाच आहे असं मी म्हणत नाही. घरोघरी बंदुका किती, शहर किती, खेडं किती, यानेही आकडा हलतो. आणि म्हातारबा हे एकच म्हातारबा, सगळी गल्ली तशी समजूतदार नाही.

तुमच्या मुलासाठी: घर बघताना घरमालकाला आणि खोलीत बरोबर राहणाऱ्यांना सरळ विचारायचं, घरात बंदूक आहे का, असेल तर कुलपात आहे का, किल्ली कुणाकडे. कुणाला राग आला तर येऊ दे. दुसरं, विद्यार्थी व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला फेडरल कायद्याने बंदी आहे. शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नये. मित्रांबरोबर गंमत म्हणून नेमबाजीच्या रेंजवर जाऊन बंदूक हातात धरलेले फोटो टाकणारी आपली मुलं मी बघितली आहेत. व्हिसा जाऊ शकतो. वकिलाला विचारल्याशिवाय नाही म्हणजे नाही.

मागच्या दिवाळीत पुतणीचा फोन आला, दिरांची मुलगी. तिच्या चार वर्षांच्या लेकीला वाढदिवसाचं बोलावणं होतं. “काकू, ते तू कसं विचारतेस ते नेमकं सांग ना. आणि बाबांना कळू देऊ नकोस.” सांगितलं. दीर हे वाचतील याची मला कल्पना आहे.

आणि हो, थंडीचं जाकीट तिकडून पाठवू नका. पुण्यात मिळणारं बफेलोत एक आठवडा टिकत नाही.